एका तिकिटात दोन उजेड: विशाखापट्टणमची उघडी डबलडेकर

नकाशावर पट्टी ठेवून बघा. नागपूरपासून सरळ रेघेत मुंबईचा समुद्र जेवढा लांब आहे, त्याहून विशाखापट्टणमचा समुद्र शंभरेक किलोमीटर जवळ आहे. तरी समुद्र म्हटलं की आपण नागपूरकर गोवा नाहीतर कोकण धरतो आणि पूर्वेचा किनारा राहून जातो. आता तिकडे जायला एक चांगलं निमित्त आहे. 29 ऑगस्ट 2025 रोजी तिथल्या बीच रोडवर विजेवर चालणाऱ्या दुमजली बस सुरू झाल्या, वरचा मजला उघडा. आर के बीचपासून तोटलकोंड्यापर्यंत 16 किलोमीटर. हवं तिथे उतरायचं, बघायचं, मागून येणाऱ्या बसने पुढे जायचं. तिकीट 24 तास चालतं. दर 500 रुपये ठरला होता, पण सुरू करतानाच निम्मा भार सरकारने उचलायचं जाहीर केलं, म्हणून माणशी 250.

बहुतेक लोक हे तिकीट सकाळी दहाला काढतात, संध्याकाळपर्यंत उन्हात भाजून निघतात आणि रात्री झोपतात. तिकिटाचे उरलेले तास वाया जातात. आमचं सांगणं एवढंच, की तिकीट दुपारी तीनला काढा. त्या दिवशीची दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ असे दोन्ही उजेड त्याच पैशात मिळतात, आणि या किनाऱ्यावर दुपारचा नि सकाळचा समुद्र सारखा दिसत नाही. खालचं सगळं वेळापत्रक यावरच बेतलं आहे.

पहिला दिवस: गाडीत

नागपूरहून रेल्वेचे दोन मार्ग आहेत. एपी एक्स्प्रेस बल्लारशा, वरंगल, विजयवाडा असं खालून वळसा घेऊन जाते. समता एक्स्प्रेस गोंदिया, दुर्ग, रायपूर करत टिटलागड, रायगडा, विजयनगरम मार्गे पोचते. एपी रोज आहे, समता आठवड्यातले ठरावीक दिवस. पहिल्या फेरीला आम्ही एपी सुचवू, कारण ती दिवसा नागपूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विशाखापट्टणमला लावते, म्हणजे दुपारच्या बसआधी आंघोळ, नाश्ता आणि दोन तासांची झोप होते. परतीला समता धरली तर रायगड्याच्या बाजूचे डोंगर बघायला मिळतात.

एपीने जाताना रात्री राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल लागतो. जाग असेल तर खिडकीशी या. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पुलाखालच्या पाण्यात नागपूरचाही वाटा असतो.

सामानाचं म्हणाल तर तीन गोष्टी विसरू नका. हनुवटीखाली बांधायच्या दोरीची टोपी, मोठा सुती दुपट्टा आणि साध्या पाण्याची छोटी बाटली (चष्मा नि मोबाईलची काच पुसायला, प्यायची वेगळी). नागपुरात मुली स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, तस्साच इथे वरच्या मजल्यावर बांधावा. त्याहून चांगली सोय अजून निघालेली नाही.

दुसरा दिवस: दुपारची फेरी, न उतरता

पहाटे पोचल्यावर हॉटेलात खोली बहुधा दुपारी बाराला मिळते. लवकर शिरायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं नागपूरहूनच न्या. मुक्काम आर के बीचच्या आसपास असला तर बसचा पहिला थांबा पायी गाठता येतो. स्टेशनजवळ खोल्या स्वस्त पडतात, पण बीच तिथून चारपाच किलोमीटरवर आहे आणि रोज ऑटो करावा लागतो. दोन दिवसांत फरक भरून निघतो.

सकाळचा नाश्ता पेसरट्टूचा करा, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा घालून मागता येतो. दुपारी ‘मील्स’. सावजीची सवय असलेल्या माणसाला आंध्रचं तिखट जड जात नाही, गोंगुऱ्याचा, म्हणजे अंबाडीचा, आंबटपणा मात्र पहिल्या घासाला दातांना लागतो. बसमध्ये बसण्याआधी गोंगुरा पोटभर खाऊ नका, वरचा मजला खालच्यापेक्षा जास्त डोलतो.

अडीचला थांब्यावर पोचा. चढताना कंडक्टरला दोन प्रश्न विचारून घ्या: 24 तास कुठल्या मिनिटापासून मोजता, आणि आज शेवटची बस तोटलकोंड्याहून किती वाजता सुटते. दुसरं उत्तर कागदावर लिहून ठेवा. सेवा दोन गाड्यांवर सुरू झाली. 16 किलोमीटर जाऊन, थांबे घेऊन परत यायला एका गाडीला दोनेक तास धरले, तर दोन गाड्यांमध्ये तासाभराचं अंतर पडतं. म्हणून एक गाडी डोळ्यांसमोरून गेली की तासभर गेला, असाच हिशेब करा. या फेरीत कुठेही उतरायचं नाही. थांबे, चढ, सावली, पाण्याची सोय, काय कुठे आहे हे सगळं एकदा वरून बघून ठेवायचं.

आता जागा. जाताना समुद्र उजवीकडे असतो, येताना डावीकडे. पण गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणजे जाताना ती शहराच्या बाजूला असते आणि तुमच्या नि समुद्राच्या मध्ये समोरून येणारी वाहनं असतात. येताना गाडी समुद्राला लागून चालते. म्हणून जाताना उजवीकडची जागा मिळाली नाही तरी भांडू नका, येताना डावीकडची सोडू नका. शेवटच्या थांब्यावर सगळे फोटो काढायला पुढे धावतात, तेव्हाच उठून बाजू बदलायची.

पुढची रांग सगळ्यांना हवी असते. तिथे दृश्य पूर्ण मिळतं आणि वाराही पूर्ण मिळतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला किनाऱ्यावर शिरते, म्हणून तीन-चार वाजता हा वारा जोरात असतो. त्यात गाडीचा वेग मिसळला की पहिल्या रांगेत बोलणं ऐकू येत नाही आणि लहान मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हातारी माणसं आणि पोरं असतील तर मधली रांग धरा. झाडाच्या फांद्या खाली आलेल्या असतात, तेव्हा गाडी चालू असताना उभं राहायचं नाही, आणि हात लांब करून सेल्फी तर मुळीच नाही.

वारा फसवतो तो उन्हाबाबत. नागपूरच्या कोरड्या 44-45 अंशांत ऊन अंगाला सांगतं की सावलीत जा. इथे तापमान दहा अंशांनी कमी, वर वारा, म्हणून बरं वाटतं आणि दोन तासांत मान नि कान लाल होतात. घाम सुटतो तो वाऱ्यावर असेपर्यंत कळत नाही. गाडी थांबली की शर्ट अंगाला चिकटतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ आहे की घाम वाळत नाही. (आपला कूलर या गावात काही कामाचा नाही तो याच कारणाने. कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून तो गार करतो, इथे ते उडणार कुठे?) तहान नसली तरी दर अर्ध्या तासाला पाणी प्या.

समुद्राचा रंग बघायचा तो या फेरीत. ऊन पाठीमागून, पश्चिमेच्या डोंगरांकडून येतं आणि सरळ पाण्यावर पडतं. आर के बीचचा किनारा, पुढे कैलासगिरीचा डोंगर समुद्राला येऊन टेकतो ते वळण, मग ऋषिकोंड्याचा मोकळा पट्टा, असं एकामागून एक येत जातं. पाणी काठाशी मातकट, मग हिरवं, मग गडद निळं. सकाळी हेच पाणी चंदेरी होतं नि डोळे दिपवतं.

काचेवर नजर ठेवा. अर्ध्या तासात चष्म्यावर आणि मोबाईलच्या लेन्सवर धुरकट थर बसतो, रात्रीच्या दिव्याभोवती वलय यावं तसे फोटो येऊ लागतात. ते धुकं नसतं, मीठ असतं. कोरड्या रुमालाने घासलंत तर तेच मीठ काचेवरच्या लेपावर ओरखडे काढू शकतं. आधी दोन थेंब साधं पाणी टाका, टिपून घ्या, मग मऊ कापडाने पुसा.

कोकणातून आलेली सवय इथे एकदा मोडते: सूर्य समुद्रात बुडत नाही. तो शहरामागच्या डोंगरांआड जातो, आणि लवकर जातो. विशाखापट्टणम आपल्यापेक्षा सव्वाचार अंश पूर्वेला आहे, म्हणजे घड्याळ तेच असलं तरी सूर्य सतराएक मिनिटं पुढे चालतो. डिसेंबरात साडेपाचच्या आत मावळून जातो. तीनची बस सांगतो ती यासाठी. पण पौर्णिमेच्या संध्याकाळी आलात तर इथे जे दिसतं ते पश्चिम किनाऱ्याला नशिबी नाही. पाठीमागे सूर्य जाताजाता समोर पाण्यातून चंद्र वर येतो, सुरुवातीला तांबूस नि चपटा. शक्य असेल तर सहलीची तारीख पौर्णिमा बघूनच ठरवा.

फेरी संपली की आर के बीचवरच संध्याकाळ. तिथे रस्त्याकडेला कुरसुरा ही पाणबुडी उभी आहे. आठवड्यात ती दुपारी दोननंतर उघडते आणि सोमवारी बंद असते, म्हणून बसचा पहिला दिवस सोमवारी येऊ देऊ नका. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी 18 डिसेंबर 1969 रोजी नौदलात आली, 27 फेब्रुवारी 2001 रोजी निवृत्त झाली आणि 2002 मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. लांबी 91.3 मीटर. बाहेरून मोठी वाटते, आत शिरलं की मोठेपण कुठे गेलं ते कळत नाही. नळीसारख्या पोटात सात कप्पे. कप्प्यांमधली दारं गोल नि अरुंद, कारण एका कप्प्यात पाणी शिरलं तर दार बंद करून बाकीचे वाचवायचे असतात. शिरताना आधी एक पाय टाका, मग डोकं वाकवून अंग, मग दुसरा पाय. डोकं आधी घातलं की कपाळ लोखंडावर आपटतं. 22 टॉर्पेडो नेणाऱ्या या नळीत पंच्याहत्तरेक माणसं राहायची. बिछाने बघा आणि आपल्या रेल्वेच्या बर्थची रुंदी आठवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना आत नेऊ नका. एकदा रांगेत शिरलं की मागून लोक येत असतात, मध्येच परत फिरता येत नाही.

त्यांच्यासाठी समोरचं टीयू-142 विमान चांगलं. 29 वर्षं समुद्रावर टेहळणी करून ते 2017 मध्ये निवृत्त झालं, त्याच वर्षी डिसेंबरात इथे संग्रहालय झालं. इंजिनं चार, पंखे आठ. प्रत्येक इंजिनावर एकामागे एक दोन पंखे, उलटसुलट दिशांना फिरणारे. खाली उभं राहून पात्यांचा पीळ बघितला की पुढच्या नि मागच्या पंख्याचा उलटा कल स्पष्ट दिसतो. जवळच 1971 च्या युद्धाचं स्मारक आहे. पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्या डिसेंबरात याच किनाऱ्यासमोर बुडाली.

रात्री वाळूवर मुरी मिक्श्चर खा, आपल्या भेळेचा भाऊबंद, पण चिंच कमी नि लिंबू जास्त. मासे खाणाऱ्यांनी नावं पाठ करावी: वंजरम म्हणजे सुरमई, चंदुवा म्हणजे पापलेट, रोय्यलु म्हणजे कोळंबी. तळायला देण्याआधी कल्ला उचलून बघा. लालभडक असेल तर घ्या, तपकिरी असेल तर सोडा.

आर के बीचवर पाण्यात उतरू नका. पाऊल भिजवायलासुद्धा लाट बघून जा. किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तलावात पोहायला शिकलेल्या माणसाला या ओढीचा अंदाज नसतो, आणि बुडणाऱ्यांत चांगले पोहणारेही असतात.

तिसरा दिवस: सकाळी, शेवटच्या थांब्यापासून मागे

तिकीट दुपारी तीनपर्यंत जिवंत आहे. पहिली बस धरा आणि थेट तोटलकोंड्याला जा. सगळे लोक जवळच्या थांब्यापासून सुरुवात करतात, म्हणून तिकडे गर्दी नसते, आणि चढ ऊन तापण्याआधी होतो. बस नेमकी कुठे सोडते ते चढतानाच विचारा. पुढे ऑटो करायचा झाला तर जाण्यायेण्याचं मिळून भाडं ठरवा आणि थांबायला सांगा, वर परतीचा ऑटो मिळेल या भरवशावर राहू नका.

तोटलकोंडा म्हणजे हौदांची टेकडी. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत, नाव त्यांच्यावरूनच पडलं. समुद्रसपाटीपासून 128 मीटरवर, दोन हजार वर्षांपूर्वीचा हीनयान पंथाचा बौद्ध विहार. नौदलाच्या हवाई पाहणीत ही जागा नजरेस आली, आणि 1988 पासून आंध्रच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. महास्तूपाचा गोल पाया, भिक्खूंच्या खोल्यांच्या रांगा, भोजनगृह, आणि या सगळ्यासमोर समुद्र. सातवाहनांच्या नाण्यांबरोबर इथे रोमन नाणीही सापडली, म्हणजे खालच्या किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजांचा नि वरच्या विहाराचा संबंध होता. पवनीचे स्तूप बघितलेल्यांना इथला आराखडा ओळखीचा वाटेल. तिथे वैनगंगा आहे, इथे बंगालचा उपसागर, एवढा फरक. दीक्षाभूमीच्या शहरातून आलेल्या माणसाने इथे निदान दीड तास द्यावा. चपला भक्कम घाला, दगड दवाने निसरडे असतात. टाक्यांच्या काठाला मुलांचा हात सोडू नका.

तिथून ऋषिकोंडा. पोहायचंच असेल तर ते इथे, खुणा लावलेल्या भागातच आणि जीवरक्षक असतील तेव्हाच. एक गोष्ट सगळ्यांना समजावून ठेवा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये एक शांत, गुळगुळीत पट्टा दिसतोय, तर ती पोहायची जागा नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत आत जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाहेर या, मग लाटेबरोबर काठाला.

पुढे कैलासगिरी. रोपवे आहे, घाटरस्ताही आहे, वर शिव-पार्वतीची 40 फुटी मूर्ती आहे. पण बघायची ती दक्षिणेची बाजू. तिथून कालपासून दोनदा गेलेला सगळा रस्ता एका वळणात दिसतो आणि टोकाला बंदराजवळचा डॉल्फिन्स नोज हा सुळका. वारा फार असला की रोपवे बंद ठेवतात, अशा वेळी रांगेत तासभर उभं राहण्यापेक्षा रस्त्याने वर जा. पायथ्याचं तेन्नेटी पार्क वीस मिनिटांचं. 2020 च्या ऑक्टोबरात वादळी हवेत बांगलादेशचं एक मालवाहू जहाज याच खडकांवर येऊन चढलं होतं. एवढं जहाज जिथे टिकलं नाही, तिथे खडकांवर उतरून फोटो काढणाऱ्यांना आवरा.

अडीचच्या आत आर के बीचला परत. तिकीट संपलं.

चौथा दिवस: बस जात नाही तिथे

तोटलकोंड्याच्या पुढे, भीमिली गावाच्या अलीकडे लाल वाळूच्या टेकड्या आहेत, एर्रा मट्टी दिब्बलु. पावसाच्या पाण्याने कापून काढलेल्या घळी, विटेच्या रंगाच्या. वाळू सैल आहे, कड्याच्या काठावर उभं राहिलं की काठ सुटतो. भीमिलीला जाणारी सिटी बस नाहीतर दिवसाचा ऑटो करा. भीमिलीत डचांची जुनी दफनभूमी आहे, आणि गोस्तनी नदी तिथे समुद्राला मिळते. हीच गोस्तनी अराकूच्या डोंगरी खोऱ्याच्या वाटेवरच्या बोर्रा गुहांतून येते. अराकूसाठी वेगळे दोन दिवस लागतात, ते या सहलीत कोंबू नका. देवदर्शन हवं असेल तर सिंहाचलमचं नरसिंहाचं देऊळ. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते, अक्षय्य तृतीयेला तो उतरवतात. त्या दिवशी गर्दी अफाट.

हिंदी शहरात चालते, ऑटोवाल्यांशी थोडं तेलुगू असलेलं बरं. एंता म्हणजे किती, एक्कडा म्हणजे कुठे, नीळ्ळु म्हणजे पाणी, आपंडी म्हणजे थांबवा. जेवताना कारम तक्कुवा म्हटलं की तिखट कमी येतं.

तारखा ठरवताना ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच महिन्यांत जोर धरतात. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद थेट या शहरावर आलं होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगले. नौदलाची प्रात्यक्षिकं असतील तेव्हा मात्र आर के बीचवर मोठी गर्दी होते आणि रस्ता बंद राहू शकतो, तेव्हा बसचा बेत दोन दिवस पुढे ढकला.

परतीच्या गाडीत चढण्याआधी चपला नि पिशव्यांच्या शिवणीतली वाळू झटका. चष्म्याचे स्क्रू, कॅमेऱ्याचा पट्टा, बॅगांच्या चेन साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून घ्या. नागपूरला पोचेपर्यंत थांबलात तर चेन मिठाने गंजून अडकते आणि ओढताना दाते निघतात.